काचघराची किल्ली

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात कुणालाही विचारा. दात गेले, गुडघे गेले, राग तेवढा जागच्या जागी आहे. पण आयुष्यात एकदा, जेव्हा गप्प बसायला हवं होतं तेव्हा, मी अजिबात न रागावता, पदर सावरून, शहाण्या मुलीसारखी एक माहिती सांगितली. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. सासऱ्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या सांगण्यापायी तीन वर्षांनी माझी सासू गेली. तिला मारणारे सासरे होते, पण कारण त्यांच्या हातात मी दिलं होतं. हे मी नवऱ्यालाही कधी बोलले नाही.

माझं माहेर उमरखेडच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठच्या एका गावात. आमचा पानमळा होता. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवरीची झाडं ओळीनं लावायची, त्यांच्या अंगावर विड्याच्या पानांची वेल चढवायची, आणि मळ्याला चारी बाजूंनी तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे, तट्टे बांधायचे, म्हणजे उन्हाची झळ आत शिरत नाही. बाहेर वैशाख पेटलेला असला तरी आत पाय ठेवला की अंगावर शहारा यावा असा गारवा. वर्षातून एकदा वेल उतरवायची, म्हणजे उंच गेलेली वेल खाली ओढून तिचं वेटोळं मातीत गाडायचं आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. ‘वेलीले दरसाल गाडा लागते, तवाच ते जगते,’ असं माझा बाप म्हणायचा.

मळ्याचे नियम कडक. जोडे बाहेर. पाय धुतल्याशिवाय आत नाही. थुंकायचं नाही, पान नखानं खुडायचं. आणि बाईला अडचण असेल तर चार दिवस तिनं मळ्याच्या तट्ट्यालासुद्धा हात लावायचा नाही. विटाळानं पान काळं पडतं, मूळ सडतं. एका पावसाळ्यात शेजारच्यांचा अर्धा मळा सडला, तेव्हा गावात हेच बोललं गेलं, आणि त्या घरच्या थोरल्या सुनेला नाल्यापर्यंत मारत नेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मला तिची दया आली नाही. मला वाटलं, चुकली, मार खाल्ला. मी न्हातीधुती झाल्यापासून हा नियम एकदाही मोडला नव्हता, आणि त्याचा मला तोरा होता.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर बोरी अरबच्या बाहेर, दारव्ह्याच्या रस्त्याला. सासरे जंगल खात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले. आमच्यातलेच, पण त्यांच्या घरचा मळा त्यांच्या आजोबांच्या वेळेसच गेलेला. त्यांनी पानाची वेल पाहिली ती पानठेल्यावरच. नवरा वणीकडे कोळशाच्या खाणीवर कारकून होता, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. म्हणजे घरात आम्ही तिघं: सासरे, सासू आणि मी. पाणी भरायला जवळच्या बंजारा तांड्यावरून एक बाई यायची.

आणि अंगणाच्या पलीकडे काचघर होतं. सासऱ्यांनी नोकरीत असताना चिखलदऱ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर काचेचं घर पाहिलं होतं, आत वेलीच वेली आणि फुलंच फुलं. ते त्यांच्या डोक्यात बसलं. निवृत्त झाल्यावर सागवानाचा सांगाडा उभा केला, जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांच्या काचा गाडीभर आणल्या, आणि वर-खाली सगळीकडे काच लावून टाकली. चिखलदरा थंड आहे, तिथं वेलीला ऊब लागते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आमच्याकडे चैत्रात दगड तापून फुटतो, आणि या माणसानं काचेची भट्टी बांधली. पण त्यांना सांगणार कोण? तीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोक उठले-बसले, त्याला घरात शब्द ऐकायची सवय नसते.

आत जांभळं कृष्णकमळ होतं, लाल कृष्णकमळ होतं, मधुमालती होती, पिवळ्या घंटांची एक वेल होती. पान चुरगळलं की लसणाचा वास येणारी एक वेल होती. दुसऱ्या वर्षी कलकत्त्याहून टपालानं आणखी एक वेल आली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. तिला म्हणे आकाशाच्या रंगाची, कर्ण्यासारखी फुलं येतात, घोसच्या घोस लोंबतात. आम्ही तिला निळी वेल म्हणायचो.

सासऱ्यांना मी अहो-जाहो करते ते सवयीनं. माणूस मारकुटा होता. कुत्र्याला मारायचे, गाडीवानाला मारायचे, आणि सासूला मारणं तर दात घासण्यासारखं होतं. मी घरात आल्यापासून चौथ्या दिवशी तिनं देवासाठी एक कृष्णकमळ खुडलं, न विचारता. त्यांनी तिचा तोच हात धरून उंबरठ्यावर ठेवला आणि छाटणीच्या कोयत्याच्या मुठीनं बोटांवर मारलं, तीनदा, मोजून. दोन नखं काळी झाली, ती दोन बोटं पुढं वाकडीच राहिली. त्याच हातानं तिनं स्वयंपाक केला. मी तिच्याकडे पाहत राहिले तेव्हा म्हणाली, ‘पाहून काय राह्यली? वेलीले तोंड नाई, म्हणून साहेबाले वेल आवडते. मले तोंड हाये न.’ आणि खरंच हसली.

ती अशीच होती, नवऱ्याला साहेब म्हणणारी. काटकुळी, पन्नाशीची, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली, आणि जिभेनं तिखट. तिला मी आत्याबाई म्हणायचे. तिच्या हाताला मात्र वेली ओळखायच्या. शेंडा कुठं मोडायचा, कुठं सोडायचा, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी सासरे जेवताना म्हणाले, ‘सूनबाई, तुझ्या बापाचा मळा इतका मोठा, कधी मरत नाही वेल. माझ्या काहून मरतात?’ मला कोण आनंद झाला. या घरात मला कुणी काही विचारलं होतं. मी सावलीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, तट्ट्यांचं सांगितलं. ते त्यांनी ऐकून सोडलं. मग मी म्हटलं, ‘आमच्याकडं सोवळं लई असते, मामाजी. अडचणीची बाई मळ्यात जात नाई. विटाळ झाला का वेल मरते.’ तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी काचघराला कुलूप लागलं. नियम झाला: मी महिन्याचे चार दिवस तिकडे फिरकायचं नाही, पाणक्या बाईनं घडा दारात ठेवून जायचं, आणि किल्ली सासूच्या कमरेला. तिचा विटाळ संपलेला, म्हणून आत जायला ती एकटीच कायमची चालणारी. सासूनं किल्ली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मला म्हणाली, ‘म्हातारी झाली तवा कुठं मी शुद्ध झाली बाई.’ मीही हसले. मला वाटलं, बरं झालं, घरात तिचा मान वाढला.

वेली जगल्या त्या मात्र कुलपानं नाही. मी आणि सासूनं मिळून चोरी केली. चुन्यात माती कालवून वरच्या सगळ्या काचांना आतून पातळ सारवण दिलं. ऊन निम्मं झालं. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा सासूनं सांगितलं, काचेवर धूळ बसते, पुसली तर काच चिरते. त्यांना ते पटलं. खालच्या चार काचा आम्ही दुपारच्या सरकवून ठेवायचो आणि त्यांची झोप मोडायच्या आधी लावायचो. दोन उन्हाळे निघाले. वेली छतापर्यंत गेल्या. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की सोवळं पाळलं म्हणून जगल्या, आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. मी मान खाली घालायची आणि आतून फुगायची.

तिसऱ्या वर्षीच्या दसऱ्यानंतर सासू सुकायला लागली. तोंड पिवळं पडलं. दोन लुगडी एकावर एक नेसायची, थंडीचं निमित्त सांगून. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगामागे धुतलेल्या चिंध्या वाळत घातलेल्या मी पाहिल्या. मला वाटलं, पाणक्या बाईच्या असतील. एकदा विचारलं, ‘आत्याबाई, काय होते तुमाले?’ तर म्हणाली, ‘म्हातारपण होऊन राह्यलं, दुसरं काय.’ पाणक्या बाई तिला याडी म्हणायची, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिनं मला विहिरीवर गाठून सांगितलं, ‘याडीले रक्त जाते. दवाखान्यात ने.’ मी तिच्यावरच खेकसले. पाळी गेलेल्या बाईला रक्त कुठलं, आणि असतं तर ती काचघरात गेली असती का? तिथं वेली तर हिरव्यागार होत्या. बघा माझं शहाणपण. वेल मेली नाही, म्हणून बाई चांगली आहे, असा मी हिशेब केला.

चैत्रात निळ्या वेलीला कळ्यांचे घोस आले. सासऱ्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी अक्षय तृतीयेला तालुक्याच्या चार साहेब लोकांना आमरसाचं जेवण सांगितलं, जेवण आणि वेल बघणं. सणाच्या तीन दिवस आधी त्यांनी हुकूम सोडला: काचा लख्ख करा, सगळ्या. आणि धुरळा आत जाऊ नये म्हणून एकही काच सरकवायची नाही.

मी म्हटलं, ‘मामाजी, चुना काढला तर वेल भाजून निंघन.’

‘कोणता चुना?’

झालं. चोरी फुटली. माझ्या थोबाडीत बसली, ती या घरातली माझी पहिली. सासूला दोन छड्या बसल्या. नंतर तीन दिवस ती शिडीवर चढून त्या काचा घासत होती, मी खालून पाणी देत होते. शिडीवरून उतरताना ती प्रत्येक वेळी पोट धरून वाकायची. तिसऱ्या दिवशी काचघर असं चमकायला लागलं की अंगणातून तिकडे बघवेना. मी हात आत घातला आणि लगेच मागे घेतला, तव्यावर धरावा तसा चटका बसला.

सणाच्या दिवशी सकाळी निळ्या वेलीचे घोस उकडलेल्या भाजीसारखे लोंबत होते. कळ्या तपकिरी. पानं हात लावताच चुरा. पाहुणे दुपारी येणार होते.

सासरे ओरडले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांनी आधी निरोप्या पाठवून पाहुण्यांना घरात आजार आहे असं कळवलं. मग आम्हा तिघी बायकांना काचघरासमोर उभं केलं. ‘कोण गेलती आत?’ एवढंच विचारलं. पाणक्या बाईचा हात त्यांनी पिरगाळला. तिनं डोक्यावरचा घडा त्यांच्या पायांवर टाकला आणि म्हणाली, ‘माह्या अंगाले हात लावशीन तर सारा तांडा अठी आणीन.’ आणि ती चालती झाली. तिच्यामागे तांडा होता. आमच्या दोघींमागे कुणी नव्हतं.

मी सांगितलं, माझी अडचण होऊन दहा दिवस झाले. तेव्हा मला बाजूला बसलेली त्यांनी पाहिलं होतं, म्हणून ते त्यांना पटलं. सासू काचघराच्या दाराकडे पाहत होती. ते आत गेले. आतल्या विटांच्या फरशीवर, शिडी टेकवायच्या जागी, त्यांना रक्ताचे थेंब सापडले. वाळलेले, आणि एक ओला.

पुढचं मी पटापट सांगते, नाहीतर सांगणार नाही. त्यांनी सासूला केसांना धरून आत नेलं. वेलीला आधार दिलेली सागाची पट्टी उपसली आणि पाठीवर, पोटावर, मांड्यांवर मारली. तिनं हात वर केले नाहीत, पोट तेवढं झाकत होती. मारताना ते म्हणत होते, ‘या वयात? या वयात मले फसवतं?’ पाळी गेल्याचं तिनं खोटं सांगितलं असं त्यांना वाटलं, की आणखी काही, ते मी कधी विचारलं नाही. मग तिच्या कमरेची किल्ली हिसकली, बाहेर आले, कुलूप घातलं आणि म्हणाले, ‘राह्य आता तिच्यासंग.’ तिच्यासंग म्हणजे निळ्या वेलीसंग.

बारा वाजत आले होते. मी किल्ली मागितली. म्हणाले, ‘पान वाढ.’ आणि मी वाढलं. हे मी लपवणार नाही. आत सासू भाजत असताना मी या माणसाला आमरस वाढला, वर तूप घातलं. हाताची सवय होती आणि भीती होती. दुसरी पोळी घ्यायला उठले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून काचघर दिसलं. आतून काचेवर सासूचा तळहात होता. वाकड्या बोटांचा. तो हळूहळू खाली सरकत गेला आणि दिसेनासा झाला.

तेव्हा राग आला. तीन वर्षं कुठं बसला होता कोण जाणे. अंगणात फावडं होतं, ते उचललं आणि दाराशेजारची पहिली काच फोडली. मग दुसरी. आवाज ऐकून ते धावत आले, हाताला आमरस तसाच, आणि सागाची पट्टी उचलली. ती माझ्या खांद्यावर बसली. मी वळून फावड्याचा दांडा त्यांच्या उजव्या मनगटावर घातला. पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. ते खाली बसले. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, काचा फोडत राहिले. एका काचेतून माणूस काढता येतो, मी सगळ्या फोडल्या. वरच्या फोडल्या, बाजूच्या फोडल्या, माझ्या कपाळात काच घुसली, पायात घुसली. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

सासू जिवंत होती. लुगडं कमरेपासून खाली रक्तानं भिजलेलं. पाणक्या बाई परत आली होती, तांड्यावरची दोन माणसं आणि बैलांचं एक खाचर घेऊन. आम्ही सासूला दारव्ह्याला नेलं, तिथून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात.

डॉक्टरीण बाईंनी तिला तपासलं आणि विचारलं, पाळी जाऊन किती वर्षं झाली? सासू म्हणाली, पाच. मग हे रक्त कधीपासून? सासू म्हणाली, दसऱ्यापासून. म्हणजे सात महिने. बाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं की हा मार लागल्याचा रक्तस्राव नाही, मारानं फक्त वाढला. पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे, ती पसरली. सुरुवातीला आणलं असतं तर काही करता आलं असतं. ‘घरात सून आहे, तिलाही सांगितलं नाही?’ असं त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या नाहीत, आपल्याशीच म्हणाल्या.

मी आत गेले आणि खाटेजवळ बसले. ‘आत्याबाई, मले काहून नाई सांगतलं?’

‘तुले सांगतलं असतं तं तू मले आत जाऊ देल्ली असती?’

नसतं जाऊ दिलं. किल्ली मीच काढून घेतली असती, आणि घेताना मला वाटलं असतं की मी वेली वाचवते आहे.

‘अन् त्यांनी तं जुन्या साऱ्या मेल्या वेलीचा वचपा काढला असता माह्यावर,’ ती म्हणाली. मग थोडा वेळ डोळे मिटून पडली. मला वाटलं झोपली. तेवढ्यात म्हणाली, ‘पयले दोन दिस मी लई भेली. म्हटलं आता मरते. तिसऱ्या दिशी पाह्यलं तं कृष्णकमळाले नवा शेंडा. मंग मुद्दाम हात लावला बाई. रोज. एकेकीले. सात महिन्यात एक पान नाई गळलं.’ तिच्या तोंडावर ते जुनं हसू आलं. ‘तुह्या बापाले सांगजो.’

नवरा वणीहून आला. सासऱ्यांचा हात प्लॅस्टरमध्ये होता, आणि त्यांनी लोकांना सांगितलं होतं की काचघर वाऱ्यानं पडलं, बायकोला सोडवायला गेलो. नवऱ्यानं मला विचारलं, ‘तू मारलंस?’ मी हो म्हटलं. मला वाटलं, आता हा मारेल, नाहीतर माहेरी पोचवेल. तो अंगणात गेला आणि दोन दिवस काचा वेचत बसला. एकेक तुकडा टोपलीत टाकायचा. त्याहून जास्त त्यानं काही केलं नाही आणि त्याहून कमीही नाही. सासऱ्यांनी त्यानंतर घरात कुणावर हात उचलला नाही. उजवा तर वर जातच नव्हता. ते पुढं अकरा वर्षं जगले. मी त्यांना रोज गरम जेवण वाढलं आणि एक दिवसही माफ केलं नाही.

सासूला आम्ही घरी आणलं. मी सागवानाच्या उघड्या सांगाड्यावर तुराट्या टाकल्या, माझ्या बापाच्या मळ्यासारख्या, आणि तिची खाट त्याच्या सावलीत ठेवली. आता कुलूप लावायला दारच नव्हतं. पावसाळ्यात निळ्या वेलीनं जमिनीतून नवा कोंभ काढला. काच नसल्यानं ती अशी सुटली की दसऱ्याला सांगाडा दिसेना. पहिला घोस आला तेव्हा मी तो खुडून सासूच्या हातात दिला. तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. ‘निळा कुठं हाये? जांभळाच हाये हा,’ ती म्हणाली. ‘कलकत्त्यावाल्यानं फसवलं साहेबाले.’ कोजागिरीच्या आधी ती गेली.

तेरवी झाल्यावर मी दिवाळीला माहेरी गेले. तिथं माझी अडचण आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले आणि सरळ मळ्यात गेले. जोडे बाहेर काढले, पाय धुतले. बाप शेवरीला वेल बांधत होता. मी त्याच्यासमोर उभी राहून तोंडानं सांगितलं, ‘बाबा, मले अडचण हाये. दुसरा दिवस.’ आणि ओळीतल्या पहिल्या वेलीला हात लावला. मग दुसऱ्या. बाप ओरडेल, हातातला विळा फेकेल, याची मी वाट पाहत होते. मला तेच हवं होतं. सासूचा निरोप मी त्याच्या तोंडावर मारणार होते.

त्यानं हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाला, ‘लाव. त्याच्यानं काई होत नसते.’

मला आधी कळलंच नाही. ‘तुमाले ठाऊक होतं?’

‘तुही माय काय चार दिस घरी बसे? भिजवाले दुसरं माणूस कोण होतं अठी? ते सकाऊन ये, अन् मी तिकडं पाठ करून बसो.’ तो पुढच्या शेवरीकडे सरकला. ‘सांगाच लागते बाई, नाई तं जो-तो मळ्यात शिरन. पाळाले कोणाच्यानं होते?’

‘मंग मले काहून नाई सांगतलं?’

‘तू लेकरू होती,’ बाप म्हणाला. ‘म्हटलं, सासरी गेल्यावर समजन.’

माझ्या हाताशी जी वेल होती ती मी दोन्ही हातांनी धरली आणि उपटली. दरसाल गाडलेली, वेटोळ्यावर वेटोळं असलेली वेल होती, सहज निघाली नाही. पाय रोवून ओढली, मातीसकट, पार शेवटच्या मुळापर्यंत. बापानं अडवलं नाही. माय मळ्याच्या दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ तसंच. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं खाली पाहिलं. सासूनं सांगितलेला निरोप मी बापाला दिला नाही. तो त्याला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होता.